डावीकडचा ब्रेक

गौरव भाटकरचा चार वर्षांतला पहिला मेसेज म्हणजे एका पानाचा फोटो होता. योगिनी मयेकर तेव्हा रामआळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात उभी होती. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दुकानदार तिला विचारत होता, पॅकिंग रबराचं देऊ की कॉर्कचं. कुठल्या इंजिनाला, किती जाड, सगळं घोकत ती मिरकरवाडा बंदरापासून आली होती. फोटो उघडला आणि सगळं डोक्यातून साफ गेलं. पानावर तारीख होती, विमानाचा नंबर होता आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती: मुख्य चाकाचा ब्रेक बदलला, डावी बाजू. शेजारी कार्मेलोची, माल्टात दोघांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्याची, सही. अक्षर गौरवचं, पण वळण योगिनीचं, कारण अकरावीपासून तिचं उतरवून उतरवून त्याचा हातच तसा पडला होता. फोटोखाली त्याने लिहिलं होतं की तो रत्नागिरीत आला आहे, हे पान तिला आठवत असेल, उद्या वर्कशॉपवर येतो, तिची मदत हवी आहे. दुकानदाराने पुन्हा विचारलं. नंतर येते म्हणून ती बाहेर पडली आणि भर रस्त्यात, रिक्षावाले हॉर्न मारत असताना, एकटीच हसली. मदत हवी म्हणे. चार वर्षं ज्याचं वाईट व्हावं म्हणून तिने देव पाण्यात बुडवून ठेवले होते, तो आपल्या पायांनी चालत येणार होता.

चालत ती बंदराकडे निघाली. रिक्षात बसली असती तर दहा मिनिटांत पोचली असती, पण असली गोष्ट दहा मिनिटांत संपवायची नसते. हा राग तिने फार जपून ठेवला होता. घरच्यांना वाटायचं की पोरगी आता सावरली, ट्रॉलरची इंजिनं उघडते, बोटी चालवणारे तांडेल लोक तिला मानतात, बापाचं, विठू मेस्त्रीचं, नाव चालवते. सावरली होतीच. सावरलेल्या माणसाला राग पोसायला निवांतपणा मिळतो, एवढंच. गौरवचे फोटो ती नियमाने बघायची. आखातातल्या कुठल्याशा विमान कंपनीचं जाकीट, मागे केवढं तरी विमान, गळ्यात ओळखपत्र, आणि खाली रत्नागिरीकरांच्या 'अभिमान वाटतो'च्या रांगा. त्या रांगांत तिच्या स्वतःच्या मावशीचंही नाव असायचं. योगिनी फोटो मोठा करून त्याच्या नखांकडे बघायची. नखं स्वच्छ असायची. तेवढ्यावर तिचा अख्खा दिवस जायचा.

जर्नल उतरवणं हे आपल्याकडे पाप नाही. सायन्सला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. वर्गातली एक मुलगी खरं जर्नल लिहिते, बाकीचे ते उतरवतात, सर सगळ्यांवर पानं मोजून सह्या करतात, आणि हे असं चालतं हे सरांना माहीत असतं, कारण त्यांनीही कुणाचं तरी उतरवलेलं असतं. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात ती मुलगी म्हणजे योगिनी. तिचं भौतिकशास्त्राचं जर्नल चिपळूणपर्यंत जाऊन यायचं. गौरव शेजारच्या बाकावर बसायचा आणि पहिला हक्क त्याचा. तो इतका इमानदार नकलाकार होता की तिने खोडलेलं तोही खोडून ठेवायचा. एकदा बारावीत, त्याने आभारही न मानता जर्नल ओढून घेतलं म्हणून तिने भिंगाच्या प्रयोगात मुद्दाम एक आकडा चुकीचा घातला. त्याने तो तसाच घेतला, सरांनी सही केली, आणि घरी येऊन तिने आपला आकडा दुरुस्त केला. कुणाला काही कळलं नाही. तिला मात्र फार गंमत वाटली होती. गौरव तिला आवडायचा, हे कबूल न करण्यात काही अर्थ नाही. आवडणाऱ्या माणसाला आपल्यावाचून अडतं यात जे सुख असतं ते तिने दोन वर्षं पोटभर घेतलं होतं. तिच्यासारखाच तोही विमानदुरुस्तीच्या शिक्षणाला माल्टाला जाणार असं कळलं तेव्हा तिने पहिला विचार केला तो हाच, की तिथेही त्याला जर्नल लागेल.

मुलीला विमानाचं मेस्त्रीपण शिकवणार, म्हणून लोक विठू मेस्त्रीला हसले होते. तो म्हणाला होता, हात माझेच हायत तिचे, इंजिन ल्हान काय नि मोठा काय. माल्टा हे समुद्रातलं पिवळ्या दगडाचं बेट निघालं. हँगरमध्ये उभं राहिलं की रॉकेलसारखा इंधनाचा वास आणि खारा वारा एकदमच नाकात शिरायचा, आणि पहिल्या दिवशी तिला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. शिकवणारा म्हातारा कार्मेलो हातात नेहमी एक फडकं ठेवायचा. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याचं लॉगबुक दिलं. जे काम स्वतःच्या हाताने केलं तेच यात लिहायचं, मी सही करीन, आणि ही वही म्हणजे कायदा आहे, असं तो म्हणाला. या वहीच्या भरवशावर उद्या तुम्ही विमान उडण्यालायक आहे असं लिहून द्याल आणि तुम्हाला न ओळखणारी दोनशे माणसं त्यात जाऊन बसतील. सगळ्यांनी माना हलवल्या. रत्नागिरीच्या दोघांनी जरा जास्तच हलवल्या. दुसऱ्या आठवड्यात गौरव म्हणाला, वही दे ना, आणि तिने दिली. कायदा वगैरे कार्मेलोच्या तोंडी ठीक होता. वही म्हणजे शेवटी जर्नलच की.

खरं म्हणजे तिथवरची गोष्ट ती स्वतःला नेहमी सांगायची. त्यापुढची सांगताना ती मधलं एक पाऊल गाळायची. इतकी सवयीने गाळायची की कधीकधी तिला वाटायचं, ते पाऊल पडलंच नव्हतं. आता किनाऱ्यावरच्या खडपाच्या कडेने चालताना तिने ते गाळलं नाही.

तो शुक्रवार होता. गौरवने सकाळी हजेरीची सही केली आणि तो समुद्रावर गेला. रत्नागिरीचा माणूस माल्टात जाऊन समुद्र बघतो, यावर ती आधी हसलीच होती. मग ब्रेक बदलायचं काम निघालं. उजव्या चाकाचा, झिजलेला. ब्रेकचा तो गड्डा दोन माणसांनी उचलायचा असतो, आणि तिच्या जोडीला गौरव नव्हता म्हणून कार्मेलो स्वतः आला. साठीचा माणूस, कमरेत वाकला. बसवताना योगिनीचं बोट सापडलं आणि नख निघालं. तुझा मित्र कुठे आहे, असं त्याने फडकं तिच्या बोटाला गुंडाळत विचारलं. पोट बिघडलंय, ती म्हणाली. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते संध्याकाळी, जेव्हा केसांत मीठ घेऊन गौरव आला, तिच्या बोटाच्या पट्टीकडे बघितलंही नाही, आणि म्हणाला, वही दे ना, रविवारी उतरवून घेतो. त्या दिवशीचं पान लिहायचं राहिलं होतं. ती आत गेली, पान लिहिलं, आणि उजवी बाजू लिहायच्या जागी तिने डावी लिहिलं. चुकून नव्हे. लिहिताना बोट ठणकत होतं आणि तिला चांगलं आठवतं, ती हसत होती. सोमवारी कार्मेलोसमोर हा उभा राहील, डावा कसा काय म्हणून म्हातारा विचारील, आणि याला तोंड लपवायला जागा उरणार नाही. बस, एवढंच हवं होतं.

पण कार्मेलोचा चष्मा सोमवारी घरी राहिला होता. त्याने गौरवच्या पानावर न वाचता सही केली. योगिनीने आपल्या पानावरचं डावी खोडून उजवी केलं आणि मंगळवारी सही घेतली. तीन आठवड्यांनी शाळेची तपासणी झाली आणि दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. पानामागून पान, शब्दाला शब्द. एकीवर सोमवारची सही, खाडाखोड नाही. दुसरीवर मंगळवारची सही, खाडाखोड. कुणी कुणाचं उतरवलं हे सांगायला फार अक्कल लागत नव्हती. तरी त्यांनी विचारलं. तिघेजण होते, पैकी एक बाई, तिने गौरवला विचारलं की आधी लिहिलेली, मूळ वही कुणाची. गौरवने टेबलाकडे बघितलं. टेबलावर पाण्याचा एक गोल डाग होता, त्याकडे बघत तो म्हणाला, माझी. एकच शब्द. योगिनीला बोलता आलं असतं. पण बोलायचं तर अख्खं बोलावं लागलं असतं. ती गप्प राहिली, उतरवल्याचा ठपका तिच्यावर आला, आणि पुढच्या आठवड्यात ती रत्नागिरीला परत आली. परीक्षेचे तेरापैकी अकरा पेपर ती पास झाली होती, ते दहा वर्षं जिवंत राहणार होते. कामाचा अनुभव मात्र सगळा रद्द. आईने आळीत सांगितलं, तिकडची हवा मानवली नाही.

एकदा ती ग्रामदैवत भैरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायलाही गेली होती. आपल्याकडे माणूस कोर्टात जायच्या आधी भैरीकडे जातो. पण गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय झालं ते पहिल्यापासून देवासमोर मांडावं लागतं, आणि मांडताना ती त्या शुक्रवारच्या पानापाशी आली आणि अडली. नारळ तसाच परत आणला. सोनूबाईने, म्हणजे तिच्या आजीने, विचारलं तर म्हणाली, देऊळ बंद होतं. भैरीचं देऊळ दिवसाढवळ्या कधी बंद असतं होय. सोनूबाईने नारळ फोडून सोलकढी केली आणि पुढे काही विचारलं नाही.

मेसेजच्या दुसऱ्या दिवशी तीन वाजता गौरव आला. योगिनी नझीर तांडेलच्या बोटीवर, इंजिनखोलीत होती. नझीरचाचाला पाचच्या भरतीला निघायचं होतं आणि इंजिन गरम होतं म्हणून त्याने कालपासून तिचं डोकं खाल्लं होतं. गरम होण्याचं कारण सापडलं होतं, पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा फाटला होता. नवा बसवून ती वर आली तेव्हा गौरव धक्क्यावर उभा होता, पांढरे बूट मासळीच्या पाण्यात जपून ठेवत. तो जाडजूड झाला होता. तिला बघून तो हसला, आणि ते हसू अकरावीतलंच होतं, याचा तिला इतका संताप आला की हात पुसायचं निमित्त करून ती पाठमोरी झाली. वर्कशॉपमध्ये तिने त्याला बाबांच्या स्टुलावर बसवलं. बाबा जेवायला घरी गेले होते. चहा विचारला नाही.

त्याचं काम सरळ होतं. त्याला आता मोठ्या सहीचा अधिकार मिळायचा होता, विमान सोडायचं की नाही हे ठरवण्याचा. त्यासाठी जुनी लॉगबुकं तपासली गेली, आणि कुणीतरी काटेकोर माणसाने त्या विमानाची त्या दिवशीची नोंद काढून बघितली. त्या दिवशी ब्रेक उजवा बदलला होता. मग तुम्ही डाव्याचं कसं काय केलंत, असं पत्र आलं होतं. कार्मेलो मागल्या वर्षी वारला. त्या दिवशी कामावर असलेल्या कुणाचा तरी जबाब हवा होता. जबाब त्याने तयार करून आणला होता, तो त्याने तिच्या फोनवर टाकला; तिने फक्त आपल्या नावाने कंपनीला पाठवायचा.

"दोघांनी मिळून काम केलं, आणि डावी हा नजरचुकीने पडलेला शब्द," तो म्हणाला. "एवढंच. तुझ्यावर काही येत नाही."

त्याच्या आवाजात मऊपणा होता, जर्नल मागतानाचा. मग त्याने पुढचं सांगितलं. त्यांची कंपनी वर्षाला दोन शिकाऊ घेते. तिचे अकरा पेपर जिवंत आहेत हे त्याला माहीत होतं. त्याच्या शब्दावर तिला घेतील, दीड वर्षात अनुभव पुरा होईल, मग लायसन. त्याने साहेबांशी बोलणंही केलं होतं. योगिनीने बाहेर बघितलं. नझीरचाचाची माणसं बर्फ चढवत होती. हँगरमधला वास तिच्या नाकात आला, चार वर्षांनी, अगदी खरा. हेच तर हवं होतं तिला, आणि हा देत होता. इतकी वर्षं तिने त्याला हजार प्रकारे तोंडघशी पाडलं होतं मनात, पण तो हातात ताट घेऊन येईल हे एकदाही सुचलं नव्हतं.

"तेव्हा मी घाबरलो, योगे," तो म्हणाला. "माझी म्हटलं आणि मग ते परत घेताच येईना. रोज वाटायचं तुला फोन करावा."

ही माफी. हिच्यासाठी ती रात्ररात्र जागली होती, आणि ती आली तर केवढीशी निघाली. तिला वाटलं, असला कवडीमोलाचा माल घेऊन मी काय करू. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, की माफीने आपलं भागत नाही. त्याचं नुकसानच व्हायला हवं. त्याचं काही तरी कायमचं जायला हवं, आपलं गेलं तसं.

"नजरचूक नव्हती ती," ती म्हणाली. "डावी मी मुद्दाम लिहिलं. तू सोमवारी सापडावास म्हणून."

गौरव चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तिला तेच हवं होतं. पण तो विचारात पडला. जुन्या वहीचं पान डोळ्यांसमोर आणत असावा.

"मला माहीत होतं ते चुकलंय," तो म्हणाला. "गुरुवारी मीच बघितला होता उजवा ब्रेक, झिजलेला. उतरवताना हात थांबला होता माझा."

"मग?"

"मग काय? तू लिहिलंयस म्हटल्यावर बरोबरच असणार. मला वाटलं मीच उलटा उभा राहून बघितला असेन."

एवढा विश्वास होता तर 'माझी' म्हणताना तो कुठे गेला होता? समुद्रावर? योगिनीने आपला फोन घेतला. त्याचा जबाब पुसला आणि आपला लिहायला घेतला. इंग्रजी तिचं चांगलं होतं, कार्मेलो म्हणायचा, तू लिहितेस तसं काम करतेस. त्या दिवशी गौरव भाटकर कामावर नव्हता. ब्रेक उजव्या बाजूचा होता, मी आणि कार्मेलोने बदलला. डावी ही खोटी नोंद मी जाणूनबुजून केली आणि ती उतरवण्यासाठी माझी वही मीच त्याला दिली. माझ्याच वहीवरून त्याने पूर्ण सहा महिन्यांच्या नोंदी उतरवल्या आहेत, त्यातली किती कामं त्याने हाताने केली हे मी सांगू शकत नाही. खाली नाव, पत्ता, मिरकरवाडा, रत्नागिरी. लिहून झाल्यावर तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण त्याला वेळ लागला.

"खोटी नोंद केली म्हणून तूच लिहून देतेयस. तुझे अकरा पेपरही रद्द करतील," तो म्हणाला. "परत कुठलीच शाळा दारात उभी करणार नाही तुला. आपलंच नाक कापून..."

"अपशकुन झाला ना तुला?" ती म्हणाली. "मग झालं तर."

आणि तिने पाठवलं.

पुस्तकांत असं लिहितात की सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. योगिनीला तसं काही वाटलं नाही. तिला आनंद झाला, चांगला घसघशीत आनंद, उपाशी माणसाच्या पोटात गरम भात जावा तसा. गौरव उठला आणि धक्क्यावरून चालू लागला, आता बुटांची काळजी न करता, मासळीच्या पाण्यातून सरळ. तो बर्फाच्या गाड्यांआड जाईपर्यंत ती बघत राहिली. विमानाच्या पोटाखाली आता आपण कधीच उभं राहणार नाही, हेही तिला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं, आणि तरी तो आनंद तसूभरही कमी झाला नाही. तिने हात साबणाने धुतले.

साडेचार वाजले होते. नझीरचाचा वर्कशॉपच्या दारात आला. त्याची सहा माणसं बोटीत चढली होती, जाळी आवरून झाली होती, आठ दिवसांचा शिधा भरला होता.

"काय गो, इंजिन बरा झाला ना? निघू मग?"

चार वर्षं या प्रश्नाला ती 'हो' म्हणत आली होती आणि तांडेल लोक तिच्या तोंडाकडेही न बघता दोर सोडत आले होते. पंखा तिने बसवला होता. झाकणाचे स्क्रू आवळले होते. झाकणाखालचं पॅकिंग मात्र ती काल घ्यायला गेली होती आणि न घेता परत आली होती, मग जुनंच लावलं का, की बाबांनी दुसरं आणलं होतं? आवळले म्हणजे सगळे आवळले का? तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली होती, भाटकरांचा पोरगा आलाय म्हणून. तिने आठवून बघितलं आणि तिला आठवेना.

"थांबा चाचा," ती म्हणाली. "एकदा परत उघडून बघते."

"आता? पाणी उतराला लागंल. तू केलायस म्हटल्यावर बघायचा काय त्यात?"

म्हातारा हसत होता, घाईत होता, आणि त्याच्या मनात तिच्याविषयी तिळाएवढीही शंका नव्हती. तिला त्याचा भयंकर राग आला. नुकताच धक्क्यावरून गेलेल्या माणसाचा आला होता त्याहून जास्त.

"बघायचं," ती म्हणाली, आणि आवाज इतका चढला की बोटीवरच्या माणसांनी माना वळवल्या. "मी केलं असलं तरी बघायचं. चला, खाली उतरा माझ्याबरोबर. तुम्ही स्वतः बघा."

तिने पाना उचलला, म्हाताऱ्याच्या मनगटाला धरलं, आणि तो 'अगो, पाणी जाईल, पाणी जाईल' म्हणत असताना त्याला इंजिनखोलीच्या शिडीकडे ओढत नेलं.